कोर्ट जवळ आले, दरखास्त तिथेच

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले तेव्हा तिथे ४ न्यायमूर्ती होते : दोघांचे एक द्विसदस्यीय पीठ आणि दोन एकल पीठे. कार्यक्षेत्र ६ जिल्ह्यांचे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १ कोटी ६४ लाख ८४ हजार. म्हणजे एका न्यायमूर्तीमागे ४१ लाख माणसे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचा पक्षकार हा हिशेब वेगळ्या एककात करतो. त्याच्यासाठी हायकोर्ट चारशेच्या आसपास किलोमीटरवर होते, ते आता पन्नासच्या आत-बाहेर आहे. जाऊन-येऊन सुमारे ७०० किलोमीटर वाचले.

या ७०० किलोमीटरमध्ये काय होते ते जयसिंगपूर किंवा मिरजेच्या फलाटावर दिसायचे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफाराच्या नकला आणि खालच्या कोर्टाचा हुकूमनामा. सकाळी सीएसएमटीला उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचे आणि फोर्टात चालत जायचे. वकील सांगणार, मॅटर बोर्डावर आहे पण खाली आहे. साडेचारला कोर्ट उठले की कळणार, मॅटर रीच झाले नाही. रात्री पुन्हा महालक्ष्मी. दोन रात्री आणि एक दिवस जाऊन हातात येणार ती पुढची तारीख.

एका तारखेची किंमत किती, याचे मोजमाप बंगळुरूच्या ‘दक्ष’ या संस्थेने २०१६ च्या पाहणीत केले होते. दिवाणी पक्षकाराला एका तारखेला सरासरी ४९७ रुपये खर्च येतो आणि ८४४ रुपयांची कमाई बुडते. बेरीज १,३४१ रुपये. यातला ६३ टक्के भाग बुडालेल्या दिवसाचा आहे. ही सरासरी बहुतेक तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात जाणाऱ्यांची, तीही २०१६ च्या दराने. कुरुंदवाडहून मुंबईला जाणाऱ्याचा एक नव्हे, किमान दोन दिवस बुडतात. तिकिटापेक्षा बुडालेला रोज महाग पडतो, हे ऊसतोडीच्या हंगामात कोणीही सांगेल.

याच्या शेजारी सरकारी आकडा ठेवता येतो. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, चार वर्षांसाठी. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत डिसेंबर २०२५ मध्ये प्रलंबित असलेल्या खटल्यांनी ही रक्कम भागली तर एका खटल्यामागे १,४८८ रुपये येतात. चार वर्षांत सरकार एका खटल्यामागे जेवढे घालणार, जवळपास तेवढे पक्षकाराचे एका तारखेला जातात.

अंतर घटले, हे सर्किट बेंचचे पहिले आणि निर्विवाद यश. न्यायमूर्तींच्या संख्येचे गणित तितके सरळ नाही.

मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदे ९४ आहेत. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव मिळून त्याच्या कक्षेत ११ कोटी ४४ लाख लोक येतात. लोकसंख्येत सहा जिल्ह्यांचा वाटा १४.४ टक्के, मंजूर पदांत ४.३ टक्के. संपूर्ण हायकोर्टाची सरासरी एका पदामागे १२ लाख, कोल्हापुरात ४१ लाख, म्हणजे ३.४ पट. यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मंजूर ९४ पदे भरलेली नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातला वाटा ४.३ पेक्षा काहीसा जास्त निघेल. आणि मुंबईत कंपन्यांचे, व्यापारी आणि मूळ शाखेचे दावे चालतात, त्यांचा लोकसंख्येशी संबंध नाही. तरीही तिपटीचा फरक एवढ्याने भरून निघत नाही.

तुलनेला पणजी आहे. गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, आणि तिथे १९८२ पासून मुंबई हायकोर्टाचे पीठ आहे. कोल्हापूरच्या कार्यक्षेत्रातली लोकसंख्या त्याच्या ११ पट. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यातच गोव्याच्या अडीचपटीहून अधिक लोक राहतात. गोवा वेगळे राज्य आहे आणि पीठामागे संसदेचा कायदा आहे, हे खरे. मात्र कुरुंदवाडचा माणूस हे कारण ऐकून घेतो आणि पुन्हा ११ चाच आकडा सांगतो.

सीमेपलीकडचा शेजारी तर आणखी जवळचा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाची धारवाड आणि कलबुर्गी येथली सर्किट बेंच जुलै २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये कायम झाली. चिक्कोडी-निपाणीच्या शेतकऱ्याला बंगळुरूऐवजी धारवाड मिळाले त्याला १७ वर्षे झाली होती, तेव्हा शिरोळ तालुक्याला कोल्हापूर मिळाले. राज्यांची न्याय देण्याची क्षमता मोजणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०१९ आणि २०२० च्या क्रमवारीत महाराष्ट्र मोठ्या राज्यांत पहिला होता, २०२२ आणि २०२५ मध्ये कर्नाटक पहिले आले. शिरोळ तालुक्यातल्या बऱ्याच घरांच्या सोयरिकी सीमेपलीकडे आहेत. दोन्ही कोर्टांचा अनुभव एकाच लग्नाच्या पंगतीत मांडला जातो.

कोल्हापुरात बेंच व्हावे या आंदोलनाचे वय सांगताना वकील ४० वर्षांहून अधिक म्हणतात. कॅलेंडर त्याहून मोठा आकडा सांगते. कोल्हापूर संस्थानाला स्वतःचे हायकोर्ट होते. कुरुंदवाडची पटवर्धनांची दोन्ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि अपिलाची वाट मुंबईला वळली. १९४९ ते २०२५ म्हणजे ७६ वर्षे. आताचे सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत भरते. कायमच्या संकुलासाठी शेंडा पार्कात २५ एकरांहून अधिक जागा ठरली आहे. बेंचसाठीच्या लढ्याचाही एक खर्च होता, जो सहसा मोजला जात नाही. २०१३ मध्ये सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी दीड महिन्याहून अधिक काळ कामकाजावर बहिष्कार टाकला. त्या काळातल्या तारखा पक्षकारांच्याच बुडाल्या. कोर्ट जवळ यावे म्हणून कोर्ट बंद राहिले, आणि बंदची झळ ज्याला लागली त्याला कोणी विचारले नव्हते.

बोलीत सगळे ‘खंडपीठ’ म्हणतात, कायद्यात मात्र फरक आहे. राज्य पुनर्रचना कायदा १९५६ च्या कलम ५१(२) खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमचे पीठ होते. कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायमूर्तींच्या बैठकीची जागा ठरवतात. कोल्हापूर दुसऱ्या प्रकारात आहे. औरंगाबादही ऑगस्ट १९८१ मध्ये याच ५१(३) ने सुरू झाले होते. त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पीठ टिकले, आणि १९८४ मध्ये ते कायम झाले. कोल्हापूरची अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ची, मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांची. कामकाज सुरू होऊन ११ दिवस होतात तोच, २९ ऑगस्टला, ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. एका पदावरच्या व्यक्तीच्या निर्णयावर उभी असलेली व्यवस्था पुढच्या व्यक्तीने चालू ठेवली, म्हणून खंड पडला नाही. कायम व्हायला औरंगाबादला तीन वर्षे लागली, धारवाडला पाच. कोल्हापूरला किती, याचा आकडा अजून कोणाच्या कागदावर नाही.

सहा जिल्ह्यांना फायदा सारखा झालेला नाही. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला घाट उतरून-चढून का होईना, तीनशेहून अधिक किलोमीटर वाचतात. साताऱ्याचे जेमतेम शंभर-सव्वाशे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगडला, गणित उलटते : तिथून मुंबई जवळ आणि कोल्हापूर लांब. मंडणगडच्या न्यायालयाच्या इमारतीचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्याच हस्ते झाले, ज्यांनी १७ ऑगस्टला कोल्हापूरच्या बेंचचे केले होते. मंडणगडकराला तालुक्याचे कोर्ट चांगले मिळाले, हायकोर्ट मात्र दूर गेले. जिल्ह्याच्या सीमेने कार्यक्षेत्र आखले की एखादे टोक असे उलटे पडते.

आता अंतर बाजूला ठेवू आणि वेळ मोजू.

डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातले प्रलंबित खटले ५ कोटी ८ लाखांवर होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत दिलेला आकडा ५ कोटी ४९ लाख. दोन वर्षांत ४० लाखांची, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांची वाढ; दिवसाला साधारण साडेपाच हजार. यातले ४ कोटी ८४ लाख, म्हणजे ८८ टक्के, जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आहेत. उच्च न्यायालयांत ६३ लाख ६३ हजार, सर्वोच्च न्यायालयात ९१ हजारांच्या आसपास. मोर्चे आणि मथळे वरच्या १२ टक्क्यांवर निघतात.

न्यायाधीशांचा आकडा या वाढीचा अर्धा खुलासा करतो. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असे म्हटले होते. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५’ नुसार प्रत्यक्षात आहेत १५. देशभर मिळून २१,२८५. उच्च न्यायालयांत ३३ टक्के आणि जिल्हा न्यायालयांत २१ टक्के पदे रिकामी. उरलेला अर्धा खुलासा तारखांच्या पद्धतीत आहे, आणि तो पदे भरून मिळणार नाही.

शिरोळ तालुक्यात कोर्टावरच्या विश्वासाची चाचणी जुलै-ऑगस्ट २०२५ मध्येच झाली, आणि तिचा निकाल प्रलंबिततेच्या तक्त्यात बसत नाही. नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी ऊर्फ माधुरी या ३६ वर्षांच्या हत्तिणीला जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात हलवण्यास उच्च न्यायालयाने १६ जुलैला मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलैला मठाचे अपील फेटाळले. मध्ये १२ दिवस. त्याच रात्री हत्तीण नांदणीतून निघाली. तिला परत आणण्यासाठी २ लाखांहून अधिक सह्या जमल्या; अख्ख्या शिरोळ तालुक्याची लोकसंख्याच २०११ मध्ये चार लाखांच्या घरात होती. सह्या तालुक्याबाहेरच्याही होत्या, पण प्रमाण ध्यानात येते. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर सुमारे ४५ किलोमीटरचा मूक मोर्चा निघाला.

तारखा शेजारी ठेवल्या की विसंगती दिसते. १ ऑगस्टला सर्किट बेंचची अधिसूचना निघाली आणि जिल्ह्यात साखर-पेढे वाटले गेले. ३ ऑगस्टला त्याच जिल्ह्यात त्याच उच्च न्यायालयाच्या निर्णयावर नाराज लोक चालत होते. ४८ तासांत एकाच संस्थेचे स्वागत आणि तिच्याविरुद्धची खंत. ‘कोर्टावर विश्वास आहे का’ या प्रश्नाला कुरुंदवाडात एका शब्दात उत्तर का मिळत नाही, ते इथे कळते. कोर्ट जवळ हवे, याबद्दल एकमत. कोर्ट काय ठरवते, यावर नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या भागात बांधाचा दावा आजोबा लावतो आणि नातू चालवतो, तिथे १२ दिवसांत दोन न्यायालयांचे निर्णय आले, आणि हा वेगच संशयाचा विषय झाला. वस्तुतः प्रकरण त्याआधी कित्येक महिने उच्चाधिकार समितीपुढे होते, आणि मठाची बाजू दोन्ही न्यायालयांत मांडली गेली होती. प्राण्याचा नीट जगण्याचा हक्क धार्मिक वापरापेक्षा वरचा, ही न्यायालयाची भूमिका कारणांसह लिहिलेली आहे. पण समितीचे महिने कागदांत गेले आणि १२ दिवस नांदणीच्या डोळ्यांसमोर. गावाने जे पाहिले तेच मोजले. माझ्या मते इथे चूक वेगाची नव्हती. निकालापर्यंतचा रस्ता गावाला दिसला नाही, ही होती.

उलट टोकाचे उदाहरण कृष्णेच्या पात्रात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे कुरुंदवाड पाण्याने वेढले गेले, आणि दर वेळी चर्चा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर आली. अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्यास दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने मान्यता दिली आहे, फरक ४.६५६ मीटर. लवाद २००४ चा, निर्णय डिसेंबर २०१० चा, पुढचा अहवाल नोव्हेंबर २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे २०२५ पर्यंत तो राजपत्रात आलेला नाही. २१ वर्षांनंतर निर्णय लागूही नाही, रद्दही नाही. इथे कोल्हापूरच्या चार न्यायमूर्तींचा संबंध येत नाही.

मग त्यांचा संबंध कुठे येतो? कुरुंदवाडच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टातल्या वाटपाच्या दाव्याची पायरी-पायरी पाहिली तर उत्तर मिळते. ‘दक्ष’च्या पाहणीत ६६ टक्के दिवाणी दावे जमीन-मालमत्तेचे होते, तेव्हा हा नमुना अपवादाचा नाही. दावा, समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, हुकूमनामा : ही पहिली पायरी कुरुंदवाडात. पहिले अपील जिल्हा न्यायाधीशांकडे : दुसरी पायरी, जिल्ह्यातच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसरे अपील, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच : तिसरी पायरी, पूर्वी मुंबई, आता कोल्हापूर. चौथी पायरी दरखास्त, म्हणजे जिंकलेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी. ती पुन्हा मूळच्या कोर्टात. चारांपैकी तीन पायऱ्या आधीपासूनच जिल्ह्यात होत्या. सर्किट बेंचने एक जवळ आणली.

तालुक्यातल्या वकिलांना विचारले तर ते चौथ्या पायरीबद्दल जास्त बोलतात. जिंकलेला पक्षकार बेलिफ घेऊन कब्जा घ्यायला जातो, तेव्हा वावरात तिसराच कोणीतरी हरकत घेऊन उभा असतो. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा कलम ५४ खाली महसूल खात्याकडे जातो. तिथून मोजणी, मोजणीची तारीख, शेजाऱ्यांना नोटिसा, मोजणीला हरकत. ऊस उभा असला की मोजणी पुढे. पूर आला की पुढे. न्यायाधीशाचे काम संपलेले असते, दाव्याचे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२५ रोजी देशभरातल्या दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आदेश दिले. त्या मुदतीत ३ लाख ३८ हजार निकाली निघाल्या. तरीही ऑक्टोबरमध्ये शिल्लक होत्या ८ लाख ८२ हजार, आणि न्यायालयाने ही स्थिती निराशाजनक आणि चिंताजनक म्हटली. त्यांतल्या ३ लाख ४१ हजार, म्हणजे ३९ टक्के, महाराष्ट्रात. देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा ९.३ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरच्या तामिळनाडूत ८६ हजार. कर्नाटकाची माहिती तेव्हा आलेली नव्हती, त्यामुळे टक्का थोडा खाली येईल, क्रमांक नाही. या ३ लाख ४१ हजार दरखास्तींमागचे लोक खटला जिंकलेले आहेत.

कुरुंदवाडच्या पक्षकारासाठी मुंबई चारशे किलोमीटर होती, कोल्हापूर पन्नास आहे, आणि दरखास्त जिथे पडून असते ते कोर्ट बाजारातून चालत जाण्याच्या अंतरावर. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ ने १२ वर्षे दिली आहेत. दरखास्त दाखल करायला १२ वर्षे. ती निकाली काढायला किती, हे त्या अनुच्छेदात लिहिलेले नाही.